प्रस्तावना : सेटिंगमधला पासवर्ड सांभाळताना

भिवापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे नाव आज किती संगणकांत नोंदलेले असते, याचा हिशेब मांडला तर या पुस्तिकेची गरज वेगळी सांगावी लागणार नाही. सातबारा महसूल खात्याकडे, पीककर्जाचे खाते गावच्या सेवा सहकारी संस्थेकडे आणि तिच्यामार्फत जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे, पेऱ्याची नोंद ई-पीक पाहणीत, पीकविमा विमा कंपनीकडे, पीएम-किसानचा हप्ता केंद्राच्या यादीत. आणि सोयाबीन, कापूस किंवा भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची विकली की तो सौदा बाजार समितीच्या दप्तरात. या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर कर्ज अडते, अनुदान अडते, विम्याची भरपाई अडते. म्हणून एका डेटाबेसमधून माहिती उचलायची, तिचा साचा बदलायचा आणि ती दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरायची, हे काम करणारी सॉफ्टवेअर जागोजागी चालतात. त्यांना डेटा इंटिग्रेशनची सॉफ्टवेअर म्हणतात. ती बहुधा रात्री, समोर कोणी बसलेले नसताना चालतात. प्रत्येक डेटाबेसचे दार उघडायला त्यांना एक नाव आणि एक पासवर्ड लागतो, आणि माणूस समोर नसल्यामुळे तो पासवर्ड आधीच कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. ही पुस्तिका त्या ‘कुठेतरी’विषयी आहे.

माहितीची जुळवाजुळव हे पूर्वी मोठ्या बँकांच्या मुख्य कार्यालयांचे काम होते. गेल्या काही वर्षांत ते तालुक्यापर्यंत आले. २०१७च्या जूनमध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली आणि तिचा आकडा ३४,०२२ कोटी रुपये सांगितला, तेव्हा बँकांना प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यावी लागली. आधार क्रमांक, नाव आणि खाते यांचा मेळ बसेना म्हणून लाभ रखडले, याद्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या. डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत बँकांची माहिती आणि आधार पडताळणी हाच पाया ठरला. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि गावच्या सोसायटीचे दप्तर जिल्हा बँक, राज्य बँक आणि नाबार्डशी जोडण्याची वाट मोकळी झाली. हे चांगलेच झाले. पण जोडणी वाढली की जोडणीचे पासवर्डही वाढतात, आणि त्यांची जबाबदारी गटसचिव, संगणक चालक आणि बाहेरून येणारा सॉफ्टवेअरचा इंजिनीअर यांच्यात वाटली जाते. जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही, हा सहकारातला जुना अनुभव इथेही लागू पडतो.

मूळ अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात. माणूस एखाद्या प्रणालीत लॉग-इन करतो तेव्हा त्या प्रणालीला त्याचा मूळ पासवर्ड जपून ठेवायची गरज नसते. पासवर्डावर एकदिशा गणिती क्रिया करून आलेला ठसा, म्हणजे हॅश, ठेवला तरी पुरते. पुढच्या वेळी टाइप केलेल्या पासवर्डाचा ठसा काढायचा आणि दोन ठसे ताडून पाहायचे. ठशावरून मूळ पासवर्ड परत मिळवणे चांगल्या पद्धतीत अतिशय कठीण असते. जोडणीच्या पासवर्डाला ही सोय नाही. इथे सॉफ्टवेअर स्वतःच दुसऱ्या डेटाबेसच्या दारात उभे असते आणि त्याला खरा पासवर्ड सादर करावा लागतो. म्हणजे तो परत मिळवता येईल अशाच रूपात ठेवणे भाग आहे. आणि जे सॉफ्टवेअरला कोणाच्याही मदतीशिवाय परत मिळवता येते, ते त्याच फायली आणि तोच प्रोग्राम हाती असलेल्या माणसालाही मिळवता येते. सेटिंगमधला पासवर्ड कितीही गुंतागुंतीचा दिसला, तरी त्याच्या सुरक्षिततेचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

पेंटाहो डेटा इंटिग्रेशन, म्हणजे जुन्या नावाने केटल, हे या क्षेत्रातले जुने, परिचित आणि मुळात मुक्तस्रोत असलेले सॉफ्टवेअर. त्यात तयार केलेले काम केटीआर किंवा केजेबी या प्रकारच्या फाइलमध्ये साठते. ती साधी एक्सएमएल फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. त्यात जोडणीचा भाग शोधला की सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचे नाव आणि वापरकर्त्याचे नाव सरळ वाचता येते. पासवर्डाच्या जागी मात्र ‘एन्क्रिप्टेड’ हा शब्द आणि त्यापुढे अंक-अक्षरांची लांब ओळ दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे कुलूपबंद आहे. प्रत्यक्षात मूळच्या पद्धतीत पासवर्डाची अक्षरे एका मोठ्या संख्येत बदलून ती संख्या एका ठरावीक संख्येशी मिसळलेली असते, आणि ती ठरावीक संख्या सॉफ्टवेअरच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या कोडमध्येच लिहिलेली आहे. तीच संख्या पुन्हा मिसळली की पासवर्ड समोर येतो. त्याला ना महागडे यंत्र लागते, ना विशेष ज्ञान. याच सॉफ्टवेअरमध्ये जोडण्या वेगळ्या जेएनडीआय फाइलमध्ये ठेवण्याची सोय आहे; तिथे तर पासवर्ड उघडाच लिहिला जातो. दूरच्या यंत्रावर कामे चालवणाऱ्या त्याच्या कार्टे सर्व्हरचे सुरुवातीचे लॉग-इन नाव ‘क्लस्टर’ आणि पासवर्डही ‘क्लस्टर’ असतो. तो कोणी मुद्दाम बदलला नाही तर तसाच राहतो. नंतरच्या आवृत्त्यांत एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीने, वेगळ्या किल्लीच्या फाइलसह पासवर्ड ठेवण्याची सोय आली. पण ती आपोआप लागू होत नाही, निवडून चालू करावी लागते.

हा दोष एकाच सॉफ्टवेअरचा असता तर ते बदलून काम भागले असते. तसे नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसएसआयएस या डेटा इंटिग्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेजमधली, म्हणजे तयार केलेल्या कामाच्या फाइलमधली संवेदनशील माहिती मुळात ते बनवणाऱ्याच्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद होते. ही पद्धत बरीच मजबूत आहे. पण तेच पॅकेज रात्री सर्व्हरवर दुसऱ्या खात्याने चालवले की उघडत नाही, काम थांबते, आणि सकाळी घाईघाईने कोणीतरी पासवर्ड उघड्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून मोकळा होतो. मायएसक्यूएल या डेटाबेसची लॉग-इन फाइल तयार करणारे साधन पासवर्ड अस्पष्ट करून ठेवते. जिद्दीने मागे लागलेल्याला ही फाइल थांबवू शकणार नाही, असे त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच स्पष्ट म्हटले आहे. कामे आपोआप चालवणाऱ्या जेंकिन्स या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली गुपिते खरोखर मजबूत पद्धतीने बंद केलेली असतात, पण ती उघडणारी मुख्य किल्ली त्याच सर्व्हरवर, त्याच मुख्य फोल्डरच्या आत ठेवलेली असते. गोदामाला भक्कम कुलूप लावून किल्ली शेजारच्याच खिळ्याला अडकवावी, तशी ही स्थिती आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३मध्ये मांडलेला नियम आजही कसोटीला उतरतो. पद्धत शत्रूला पूर्ण माहीत आहे असे धरून चाला, आणि सुरक्षितता फक्त किल्लीवर अवलंबून ठेवा. पद्धत माहीत झाल्याबरोबर जे उघडे पडते, त्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

याचे परिणाम महाराष्ट्राने आणि जगाने पाहिले आहेत. जुलै २०२४च्या शेवटी टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी असलेल्या मुंबईच्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देते. ३१ जुलैला देशातल्या किरकोळ देयकांचे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार त्या काळात अडले, अशा बातम्या आल्या. क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेच्या अहवालाने हल्ल्याची सुरुवात एका पुरवठादाराच्या चुकीच्या सेटिंग असलेल्या जेंकिन्स सर्व्हरपासून झाल्याकडे बोट दाखवले. त्यात ज्या त्रुटीचा उल्लेख आहे, ती त्याच वर्षी जानेवारीत जाहीर होऊन दुरुस्तही झालेली होती. त्या त्रुटीमुळे बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फायली वाचता येतात, आणि किल्लीची फाइल वाचता आली तर साठवलेली गुपिते उघडण्याचा मार्ग मिळतो, असा इशारा जेंकिन्सच्या सूचनेतच होता. त्याआधी २०१६मध्ये उबरच्या खासगी कोडसंग्रहात शिरलेल्या लोकांना तिथे क्लाउडची किल्ली लिहिलेली सापडली आणि तिच्या जोरावर ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. दोन्ही ठिकाणी काम करणारे लोक अनाडी नव्हते. आपली यंत्रणा कोणती गुपिते कुठे ठेवते आणि त्या गुपितांनी किती दारे उघडतात, याचा हिशेब मात्र वेळेवर मांडला गेला नव्हता.

या सगळ्यावरून निघणारा निष्कर्ष हा या पुस्तिकेचा गाभा आहे. सेटिंगमधला पासवर्ड लपवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा तो एक दिलेला अधिकार आहे असे मानावे आणि अधिकारासारखा त्याचा कारभार ठेवावा. सोसायटीचा चेकवर सही करण्याचा अधिकार कोणाला, किती रकमेपर्यंत आणि कधीपर्यंत, हे आपण ठरावाने ठरवतो. पासवर्डालाही तेच तीन प्रश्न विचारायचे. त्याची किल्ली कुठे आणि कोणाच्या ताब्यात आहे? त्या पासवर्डाने डेटाबेसमध्ये नेमके काय करता येते? आणि तो फुटला असे उद्या सकाळी कळले, तर तो बदलायला किती वेळ लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण कधीच शंभर टक्के समाधानकारक देऊ शकत नाही, हे वर पाहिले. म्हणून दुसरा आणि तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. ज्या कामाला फक्त कर्जखात्यांची यादी वाचायची आहे, त्याला तेवढ्याच तक्त्यांवर वाचण्याची परवानगी असलेले वेगळे खाते द्यावे, आणि ते खाते त्या एकाच यंत्राच्या पत्त्यावरून चालेल असे बांधून टाकावे. मग तो पासवर्ड फुटला तरी खतावणी पुसली जाणार नाही, व्याजाचा दर बदलणार नाही, नवे खाते उघडले जाणार नाही. उलट डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाचा पासवर्ड सोयीसाठी सगळ्या कामांत भरून ठेवला असेल, तर कोणत्याही एका फायलीची गळती ही संपूर्ण दप्तराची गळती होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो हा, की आमचा सर्व्हर ऑफिसच्या आत आहे, बाहेरून कोण येणार? आक्षेप मनापासूनचा असतो, पण त्यात सर्व्हर आणि सेटिंगची फाइल यांची गल्लत आहे. सर्व्हर जागेवर राहतो, फाइल फिरत असते. ती रोजच्या बॅकअपबरोबर पेनड्राइव्हवर जाते, काम अडले की झिप करून मेलने किंवा व्हॉट्सॲपने इंजिनीअरकडे जाते, त्याच्या लॅपटॉपवर राहते, जुना संगणक भंगारात निघाला की हार्डडिस्कबरोबर बाहेर पडते. कोणी हल्ला न करताही पासवर्ड ऑफिसच्या बाहेर पोहोचलेला असतो. दुसरा आक्षेप म्हणतो, अस्पष्ट करून ठेवलेला पासवर्ड उघड्यापेक्षा बराच ना? हो, खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून तो वाचवतो, आणि तेवढ्यापुरते त्याचे मोल मान्य करावे. पण ज्या फाइलमध्ये पासवर्ड उघडा दिसतो, ती कोणी सहजासहजी बाहेर पाठवत नाही. जिच्यात तो कुलूपबंद दिसतो, ती निर्धास्तपणे पाठवली जाते. फायदा थोडा आणि खोट्या भरवशाचा तोटा मोठा, असा हा सौदा आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. हल्लेखोराने सर्व्हरचाच ताबा घेतला तर चालू कामाच्या मेमरीतूनही तो पासवर्ड काढेल, मग एवढी खटपट कशाला? यातला पहिला भाग खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सर्व्हरचा पूर्ण ताबा जाणे ही सर्वांत वाईट अवस्था झाली, आणि फायलींच्या प्रती बाहेर पडणे हे रोजच घडते. रोजचा धोका मोठ्या धोक्याच्या आडून सोडून देणे शहाणपणाचे नाही. शिवाय सर्वांत वाईट अवस्थेतही नुकसान किती, हे त्या पासवर्डाच्या अधिकारावरच ठरते. चौथा आक्षेप खर्चाचा. पासवर्ड सांभाळणारी तिजोरी-सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांना परवडतात, त्या तिजोरीत शिरायलाही पुन्हा एक पासवर्ड लागतोच, मग लहान संस्थेने काय करावे? तिजोरी असेल तर एकाच जागेवर पहारा ठेवता येतो आणि कोणी कधी कोणते गुपित मागितले याची नोंद राहते, हा तिचा खरा लाभ. पण तिच्याशिवायही बिनखर्चाच्या पुष्कळ गोष्टी हातात आहेत. विंडोजच्या जाळ्यात डेटाबेसला विंडोज खात्यानेच ओळख पटवून दिली तर पासवर्ड लिहावाच लागत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पासवर्डाची फाइल मालकाशिवाय इतरांना वाचता येत असेल, तर लिनक्सवर ते सॉफ्टवेअर ती फाइल सरळ दुर्लक्षित करते. एवढी शिस्त फुकट मिळते. पासवर्ड कामाच्या फाइलमध्ये न लिहिता तिथे फक्त एका व्हेरिएबलचे नाव लिहायचे आणि खरी किंमत सर्व्हरवरच्या एकाच संरक्षित फाइलमध्ये ठेवायची, हे पेंटाहोमध्येही जमते. मग कामाची फाइल बाहेर गेली तरी तिच्यातून पासवर्ड जात नाही.

पाचवा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. पासवर्ड बदलला की रात्रीचे काम पडते, सकाळी याद्या जात नाहीत, वरून फोन येतात. म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच ठेवला जातो, इंजिनीअर नोकरी सोडून गेला तरी. पण काम पडते ते पासवर्ड पन्नास फायलींत विखुरलेला असतो म्हणून. तो एकाच जागी असेल तर बदल एकाच जागी करावा लागतो. त्यापुढचा उपाय म्हणजे एकाच अधिकाराची दोन खाती ठेवणे. एक चालू असताना दुसऱ्याचा पासवर्ड बदलायचा, काम त्यावर वळवायचे, खात्री पटली की पहिल्याचा बदलायचा. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ या आवृत्तीपासून एकाच खात्याला काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालवता येतात, त्यामुळे एकही काम न थांबवता बदल होतो. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या एअरफ्लोसारख्या साधनांत तर जोडण्यांचे पासवर्ड कुलूपबंद करणारी किल्लीसुद्धा जुनी-नवी एकत्र ठेवून बदलण्याची सोय आहे. जो पासवर्ड अर्ध्या तासात, दिवसाढवळ्या आणि न घाबरता बदलता येतो, तो फुटला तरी संस्था सावरते. जो बदलण्याची कोणाची हिंमत होत नाही, तो पासवर्ड आजच संस्थेच्या ताब्यात राहिलेला नाही, असे समजावे.

कायदाही आता याच दिशेने बोलतो. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ला नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहितीवरची प्रक्रिया बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. ‘ते सगळे सॉफ्टवेअरवाला पाहतो’ हे उत्तर त्यामुळे पुरणार नाही. दंडाची भीती हे मात्र या पुस्तिकेमागचे कारण नाही. ज्या शेतकऱ्याने आधार, जमीन, कर्ज आणि बँक खाते असा आपला सगळा व्यवहार आपल्यावर विश्वास ठेवून नोंदवला, त्याला ती माहिती कोणत्या पासवर्डाने उघडते हे कधी कळणार नाही, आणि तो बदलण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही. ज्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्याच्या वतीने रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. पहिल्यात संस्थेतल्या सर्व जोडण्यांची यादी कशी करायची ते आहे, कारण जे पासवर्ड आहेत हेच माहीत नाही ते सांभाळता येत नाहीत. दुसऱ्यात त्यांची जागा, तिसऱ्यात त्यांचे अधिकार आणि चौथ्यात ते बदलण्याचा सराव आहे. वाचकाला प्रोग्रामिंग यायला हवे अशी अट नाही. गटसचिवाला, शाखाधिकाऱ्याला आणि संचालकालाही समजेल अशी मांडणी ठेवली आहे, कारण या प्रश्नाचा निर्णय शेवटी त्यांच्याच हाती आहे. आपल्या संस्थेत जोडणीचे किती पासवर्ड आहेत, प्रत्येकाने काय काय उघडते आणि शेवटचा कधी बदलला, हे संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत विचारले गेले, उत्तर इतिवृत्तात लिहिले गेले आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा तपासले गेले, तर या पुस्तिकेचे काम सुरू झाले असे मी मानीन.

भिवापूर, जि. नागपूर